कुड्याची साल आणि चिमूटभर मीठ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



पावसाळ्यातले पोटाचे विकार आणि त्यांवरची झाडपाल्याची औषधं या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी म्हटलं, साहेब, मी कवी माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. जंतू आणि रसायनं यांच्याशी माझा काय संबंध? तेव्हा ते म्हणाले, तुमच्या कवितांत पेरूचा पाला येतो, डाळिंबाची साल येते, दादीचा काढा येतो. त्यावरच बोला. मी होकार दिला, पण त्यानंतर दोन महिने वाचनालयात बसलो, एका रसायनाच्या प्राध्यापकांना छळलं, एका वैद्यांना आणि एका हकीमसाहेबांना भेटलो. कारण कवितेत काढा लिहिणं वेगळं आणि लोकांना काढ्याबद्दल सांगणं वेगळं. पहिल्यात चूक झाली तर समीक्षक रागावतात, दुसऱ्यात चूक झाली तर मूल दगावतं. हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या घरात ते घडलेलं आहे.

आमचं घर राहात्याकडचं. जात बागवानाची. अब्बा पेरूच्या आणि डाळिंबाच्या बागा मक्त्यानं घ्यायचे. आपल्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर म्हणतात, २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत. नाव कुठलंही घ्या, राहात्याचा पेरू तोच. त्या बागांच्या काठाकाठानं माझं बालपण गेलं. घरात औषधाचा मान दादीकडे होता. तिच्या लाकडी पेटीत वाळवलेल्या डाळिंबाच्या साली, कच्च्या बेलफळाच्या वाळक्या चकत्या, ओवा, सुंठ आणि एका पुरचुंडीत कुड्याची साल असायची. कुडा आमच्याकडे होत नाही. ती साल अकोल्याच्या डोंगरातून येणारी एक बाई आठवडे बाजारात विकायची. पेरूच्या पाल्याला मात्र कुठं जायला नको. परसात हात वर केला की पाला.

१९७८ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ आजारी पडला. दीड वर्षाचा होता. त्याला आम्ही मुन्ना म्हणायचो. आधी पाण्यासारखे जुलाब, मग उलटी. दादीनं पेरूचा पाला उकळला, डाळिंबाची साल उगाळली. मुन्ना पाण्यासाठी रडत होता. अम्मीनं वाटी उचलली तशी दादी म्हणाली, "पानी नको देव उसकू, और लगेगा." पाणी दिलं की जुलाब वाढतात, हा तेव्हाचा सगळ्या गावाचा समज. हिंदू घरात तोच, मुसलमान घरात तोच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. बैलगाडी जुंपून अब्बा त्याला तालुक्याला घेऊन निघाले. वाटेतच तो गेला.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पुढं बरीच वर्षं माझ्या मनात एकच प्रश्न होता. दादीचं औषध खोटं होतं का? आज मी तुमच्यासमोर बोलतोय ते त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी पोटात काय घडतं ते पाहू. आपण हगवण हा एकच शब्द वापरतो, पण आत निदान दोन वेगळे प्रकार चालू असतात. पहिल्या प्रकारात जंतू आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो आणि विष सोडतो. ते विष अस्तरातल्या पेशींना असं काही पढवतं की त्या शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यात ओतू लागतात. पटकीचा जंतू हेच करतो आणि ई. कोलाय नावाच्या जंतूच्या काही जातीही हेच करतात. शौचाला पाण्यासारखं होतं, पण अस्तर फारसं जखमी होत नाही. माणूस मरतो तो पाणी संपून.

दुसऱ्या प्रकारात जंतू घरातच शिरतो. शिगेला हा त्यांतला मुख्य. १८९७ साली जपानमध्ये मुरड्याची मोठी साथ आली असताना कियोशी शिगा या तरुण डॉक्टरनं तो शोधला, म्हणून त्याला हे नाव. शिगेला अस्तराच्या पेशींत घुसतो आणि भिंत फोडून शेजारच्या खोलीत जावं तसा एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातो. मग शरीर आपली फौज धाडतं. पांढऱ्या पेशी धावून येतात, रसायनं सुटतात, आतड्याला सूज येते. वैद्य ज्याला दाह म्हणतात तो हाच. गावात चोर शिरला म्हणून सगळा गाव काठ्या घेऊन एका घरात घुसावा, चोर सापडेपर्यंत त्या घराची भांडी फुटावीत, दारं मोडावीत, तसं होतं. पोटात मुरडा येतो, ताप चढतो, आव आणि रक्त पडतं. म्हणजे निम्मं नुकसान जंतू करतो आणि निम्मं आपलीच फौज करते.

हे कळल्यावर औषधाकडे बघण्याची दृष्टी बदलते. आपण समजतो, औषध म्हणजे जंतू मारणारं. पण जंतूला चिकटू न देणं, त्याचं विष कमी करणं, त्याला पेशीत शिरू न देणं आणि आपल्या फौजेला जरा आवरणं, हीसुद्धा औषधाचीच कामं आहेत. झाडपाल्याची खरी करामत बहुतेक वेळा इथं दिसते.

आता आमच्या परसातल्या पेरूकडे येऊ. मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च नावाची संस्था आहे. तिथं डॉ. तन्नाज बिर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूच्या पाल्याचा काढा तपासला. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात परिंचे खोरं आहे, पाला त्या खोऱ्यातला होता. काढाही घरात करतात तसाच, पाण्यात उकळून केलेला. तो त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आणि जंतूंवर वापरून पाहिला. २०१० साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिगेला आणि पटकी या दोन्हींच्या जंतूंना काढा मारक ठरला. पटकीचं विष आणि ई. कोलायचं एक विष, दोन्ही त्यानं कमी तयार होऊ दिली आणि जी झाली त्यांना पेशीवर नीट बसू दिलं नाही. घुसखोर जंतूंचं पेशीत शिरणंही कमी झालं. ई. कोलायचं आणखी एक विष असतं, त्यावर मात्र काढ्याचा काही परिणाम झाला नाही. हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

त्यात एक गोष्ट मला फार आवडली. पेरूच्या पाल्यात क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. जुलाबावर गुण येतो तो याच द्रव्यामुळे, असं बरेच जण मानत होते. या मंडळींनी ते शुद्ध द्रव्यही वेगळं तपासलं. एकट्या क्वेर्सेटिननं जंतू मेले नाहीत, विषावरही काही परिणाम झाला नाही. फक्त जंतूचं पेशीत शिरणं त्यानं रोखलं. बाकीची कामं काढ्यातली इतर द्रव्यं करत होती. म्हणजे कव्वालीच्या मैफलीत मुख्य गायक कितीही मोठा असला, तरी मागे टाळी देणारे नसतील तर रंग भरत नाही. काढ्याचंही तसंच आहे.

मग माणसांवर काय झालं? त्याच संस्थेतल्या मंडळींची एक चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. जुलाबाचे १०९ प्रौढ रुग्ण घेतले. सगळ्यांना जलसंजीवनी, म्हणजे मीठ-साखरेचं ओआरएस, दिलंच. काहींना त्याशिवाय दिवसातून तीन वेळा सहा पानांचा, काहींना दहा पानांचा आणि काहींना चौदा पानांचा काढा दिला. चौदा पानांचा काढा घेणारे ७२ तासांत पूर्ववत झाले. नुसत्या जलसंजीवनीवर असलेल्यांना १२० तास लागले. दोन दिवस वाचले. ही चाचणी लहान होती, कोणाला काय दिलं जातंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात लहान मुलं नव्हती. त्यामुळे एवढ्यावरून फार उड्या मारू नयेत. तरीही पान मोजून, तास मोजून, दादीचं औषध कोणीतरी तराजूत घातलं, याचं मला समाधान आहे. आणि हेही लक्षात ठेवा, की त्या चाचणीत काढा पाण्याच्या जागी नव्हता, पाण्याच्या सोबत होता. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बेलाची गोष्ट आणखी मजेची. कच्च्या बेलफळाचा गर जुलाबावर देतात, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. त्याच संस्थेनं २००९ साली बेलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जंतूंच्या सहा जाती घेतल्या होत्या. बेलाच्या काढ्यानं त्यांतली एकही मेली नाही. जुन्या पद्धतीनं पाहिलं तर निकाल लागला, बेल नापास. पण पुढं पाहिलं तेव्हा दिसलं की जंतू जिवंत असूनही पेशींना चिकटेनात, आत शिरेनात आणि पटकीच्या विषाचाही जोर कमी झाला. बेल जंतूला मारत नाही, बसायला जागा देत नाही.

यात आजच्या काळाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. प्रतिजैविकं जंतूंना मारतात. लाखांतला एखादा जंतू वाचतो, त्याचीच पिलावळ वाढते आणि मग ते औषध चालेनासं होतं. शिगेलाच्या बाबतीत एकामागून एक औषधं अशी बोथट झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली धोकादायक जंतूंची जी यादी काढली, तीत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या औषधांना न जुमानणारा शिगेला वरच्या गटात आहे. आपण साध्या जुलाबाला दुकानातून दोन गोळ्या आणून खातो, एका दिवसात बरं वाटलं की उरलेल्या फेकून देतो, त्याचं हे फळ. जंतूला न मारता त्याचे दात काढणारी द्रव्यं सापडली तर जंतूवर बदलण्याचा तेवढा दाब येणार नाही, अशी शास्त्रज्ञांची आशा आहे. आशाच आहे, अजून हाती आलेली वस्तू नाही. पण ती ज्यांच्यावर ठेवावी अशा वनस्पती आपल्या आसपास आहेत.

आता कुडा. माझ्या दृष्टीनं या सगळ्या कथेतला तो खरा नायक आहे आणि नायकांच्या आयुष्यात असतात तशा भानगडीही त्याच्या वाट्याला पुष्कळ आल्या.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुका. कळसूबाई, भंडारदरा, हरिश्चंद्रगड. तिथल्या डोंगरउतारावर कुडा उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरतो. त्या फुलांची भाजीही करतात. संस्कृतात तो कुटज. चरकसंहितेपासून अतिसारावर त्याचं नाव आहे आणि कुटजारिष्ट, कुटजघनवटी आजही दुकानात मिळतात. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हगवणीवरच्या एका झाडाचं वर्णन केलं आहे, ते कुड्याचंच मानतात. १८५८ साली हेन्स नावाच्या रसायनतज्ज्ञानं सालीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याला कोनेसीन म्हणतात. पुढं १९२० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी कुड्याच्या द्रव्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि ती रुग्णांना दिली.

इथं पहिली भानगड. आव-रक्ताचा मुरडा दोन कारणांनी होतो. एक शिगेलासारख्या जंतूनं आणि दुसरा अमीबा नावाच्या एकपेशीय जीवानं. दोघांचं रूप सारखं, स्वभाव वेगळा. कुड्याची जी ख्याती झाली ती प्रामुख्यानं अमीबाच्या मुरड्यावर. शिगेलाच्या रुग्णालाही लोक तीच साल देत आणि गुण आला नाही की झाडाला दोष देत. जंतूंच्या मुरड्यावर कुड्याचा उपयोग प्रयोगशाळेत दिसतो, पण रुग्णांवरचा भक्कम पुरावा अजून तोकडा आहे.

दुसरी भानगड कोनेसीनची. शुद्ध द्रव्य काढून मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा काही रुग्णांची झोप उडाली, काही बेचैन झाले. पुढं कळलं की हे द्रव्य मेंदूतल्या जागेपणाशी संबंधित यंत्रणेला जाऊन धरतं. १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आलं आणि कोनेसीन मागे पडलं. झाडातलं म्हणून निरुपद्रवी, असं काही नसतं. जे गुण देतं ते अवगुणही देऊ शकतं.

तिसरी भानगड सर्वांत मोठी आणि ती बाजारातली आहे. कुडा एकच नाही. पांढरा कुडा औषधाचा. त्याच्याच कुळातला काळा कुडा दिसायला जवळचा, पण झाड वेगळं. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनं लोंबतात, पण दोन्ही सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात. झाडावर असताना हा फरक दिसतो, पण सालीचे तुकडे करून पोत्यात भरले की भलेभले फसतात. काष्ठौषधीच्या व्यापारात ही भेसळ जुनी आहे. मी ज्या हकीमसाहेबांना भेटलो त्यांनी दोन बरण्या पुढं ठेवल्या. दोन्हींत इंद्रजव, म्हणजे कुड्याचं बी. म्हणाले, एकेक दाणा चाखा. पहिला इतका कडू की जीभ गुंडाळली. दुसरा जवळजवळ बेचव. युनानीत पहिल्याला इंद्रजौ तल्ख म्हणतात, दुसऱ्याला इंद्रजौ शीरीं. तल्ख म्हणजे कडू, शीरीं म्हणजे गोड. मराठीतही अगदी हेच भेद आहेत, कडू इंद्रजव आणि गोडा इंद्रजव. वैद्य काय आणि हकीम काय, दोघांनीही जिभेची परीक्षा मानली. शायरीत तल्ख हा शब्द मी दुःखासाठी वापरत आलो. औषधाच्या दुकानात तो खरेपणाची खूण निघाला.

अशीच कडू ओळख दारुहळदीची. ती हिमालयातली, आपल्याकडे वाळलेलं लाकूड नाही तर रसौत म्हणून येते. तिचा पिवळेपणा आणि कडूपणा बर्बेरीन या द्रव्याचा. १९८७ साली बांगलादेशातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण १६५, सगळे प्रौढ. ई. कोलायच्या जुलाबाच्या रुग्णांना ४०० मिलिग्रॅम बर्बेरीन एकदाच दिलं, तर पहिल्या चोवीस तासांत शौचातून जाणारं पाणी ४८ टक्क्यांनी कमी झालं. पटकीच्या रुग्णांना मात्र तसा फायदा झाला नाही. एकच द्रव्य, एका जंतूच्या जुलाबावर चाललं आणि दुसऱ्याच्या नाही.

या कुळातल्या झाडांचा आणखी एक चमत्कार अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडला. काही जंतूंच्या अंगात बारीक पंप असतात. औषध आत आलं की ते उपसून बाहेर टाकतात. म्हणून एकटं बर्बेरीन त्यांच्यापुढं दुबळं ठरतं. पण ही झाडं बर्बेरीनसोबत दुसरंही एक द्रव्य बनवतात. ते स्वतः जंतूला मारत नाही, फक्त पंप बंद पाडतं. मग बर्बेरीन आत टिकतं. हा प्रयोग आतड्याच्या जंतूवर नव्हता, पू करणाऱ्या जंतूवर होता. पण पेरूच्या काढ्यानं जे सांगितलं तेच यानंही सांगितलं. झाड एकट्यानं लढत नाही.

डाळिंबाबद्दल थोडक्यात सांगतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेला 'भगवा' वाण आज घरोघरी पोचला आहे. आपण दाणे खातो आणि साल फेकतो. सालीत तुरट द्रव्यं भरपूर असतात. आपल्या आतड्यातलेच काही चांगले जंतू त्यांचं रूपांतर दुसऱ्या द्रव्यांत करतात आणि ती दाह कमी करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण ते कामकरी जंतू प्रत्येकाच्या पोटात नसतात. म्हणून एकाला गुण येतो, दुसऱ्याला नाही.

आता मी त्या सोडून दिलेल्या वाक्याकडे येतो. काढा पाण्याच्या जागी नव्हता, पाण्याच्या सोबत होता.

जुलाबानं मूल मरतं ते बहुतेक वेळा जंतूनं नव्हे, पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. आतड्याची एक मेहेरबानी अशी की विषानं सगळी दारं उघडी टाकली तरी एक दार आतल्या बाजूला चालू राहतं. त्या दारातून साखर आणि मीठ हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. नुसतं पाणी तितकं शोषलं जात नाही, साखर-मीठ हवंच. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ड्रममधून लोकांना प्यायला दिलं. शंभरांत तीसपर्यंत जाणारे मृत्यू चाराच्या आत आले. २०२२ साली ते वारले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

म्हणजे मुन्ना गेला तेव्हा हे ज्ञान सात वर्षांचं झालं होतं. आणि ते फार दूरही नव्हतं. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० साली काम सुरू केलं होतं. खेड्यातल्या बायकांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, त्यांनी आरोग्यसेविका केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझी खाला जामखेड तालुक्यात दिलेली. १९८६ च्या सुमारास ती माहेरी आली होती. बोलता बोलता सांगू लागली, आमच्या गावात एक बाई घरोघर येऊन शिकवते, जुलाब लागले की पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखर घालून घोट घोट द्यायचं, आईचं दूधही चालू ठेवायचं. दादी बाजेवर बसून ऐकत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मतलब, उस दिन पानी देना था?"

कोणीच उत्तर दिलं नाही. दादीनंही पुन्हा विचारलं नाही. पुढं पाच वर्षांनी ती गेली.

दादीचं औषध खोटं नव्हतं. पेरूचा पाला खरा होता, बेल खरा होता, कडू साल खरी होती. खोटा होता तो पाणी तोडण्याचा सल्ला आणि तो एकट्या दादीचा नव्हता. औषध जंतूशी भांडतं. ते भांडण मिटेपर्यंत माणूस जगला पाहिजे आणि जगवण्याचं काम पाण्याचं आहे. आधी पाणी, मग औषध. हा क्रम उलटला की चांगलं औषधही वाया जातं.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. जुलाब सुरू झाले की पहिल्या तासापासून जलसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यात मीठ वाढवू नका. मुलाला आईचं दूध आणि खाणं चालू ठेवा. आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या मिळतात, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे त्या चौदा दिवस पूर्ण द्या. शौचात रक्त दिसलं, ताप चढला, मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, काही पोटात टिकेना, तर काढा उकळत बसू नका, दवाखाना गाठा. रक्ताच्या मुरड्याला योग्य प्रतिजैविक लागतं आणि ते डॉक्टरनंच ठरवायचं असतं. जुलाब दाबून टाकणाऱ्या गोळ्या किंवा अफू लहान मुलांना कधीही देऊ नका. बाहेर निघायचं ते आत कोंडलं जातं. मोठ्या माणसाला साध्या जुलाबात पेरूच्या पाल्याचा काढा सोबत घ्यायचा तर घेता येईल. कुडा मात्र स्वतःच्या मनानं नको. साल कोणत्या झाडाची, मात्रा किती, हे जाणकार वैद्याकडूनच घ्या. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यावर घरचे प्रयोग करू नयेत.

शेवटी एक घरातली गोष्ट सांगून थांबतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या नातीला जुलाब लागले. ती दोन वर्षांची. सून घाबरली, मी डॉक्टरांना फोन लावत होतो. तेवढ्यात अम्मी काठी टेकत स्वयंपाकघरात गेली. वय ऐंशीच्या पुढं, नीट दिसत नाही. तिनं पाणी उकळून निवायला ठेवलं, साखर मोजली, चिमटीत मीठ घेऊन पुन्हा चमच्यात सपाट केलं. मग वाटी-चमचा घेऊन नातीजवळ बसली आणि दर दोन मिनिटांनी एक चमचा असं दोन तास पाजत राहिली. मध्ये मी म्हटलं, अम्मी, आता मी देतो. तिनं वाटी सोडली नाही.

संध्याकाळी नात खेळायला लागली. परसातल्या पेरूच्या झाडाकडे बघत अम्मी मला म्हणाली, "थोडा पाला तोडून ठेव. तुला लागलं तर कामाला येईल."